गेनबांनी धुतलेला दगड

हडपसरच्या आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस गेनबा काळभोर यांना धुण्याचं वेड आहे. लोणी काळभोरहून पहिल्या बसने येतात आणि दिसेल ते धुतात. एकदा माझा डबा त्यांनी भाजीसकट धुतला होता.

तीनेक महिन्यांपूर्वी एका जुन्या गॅस विहिरीच्या तळातला, ती खोदताना काढून ठेवलेला बोटभर दगड आमच्याकडे आला. दुरुस्तीनंतर त्या विहिरीचा गॅस आटला होता. खाली साठा भरपूर, पण दगडातल्या बारीक छिद्रांतून त्याला वाट मिळेना. कारण सापडलं नाही तर विहीर सिमेंट भरून कायमची बंद होणार होती. आणि तपासायला दगड हा एकच.

सोमवारी त्यातून गॅस व्यवस्थित गेला. मंगळवारी जाईचना. मी यंत्र उघडलं, नळ्या बदलल्या, दिसेल त्याच्यावर खेकसले. तेवढ्यात गेनबा दारात येऊन उभे राहिले. निवृत्तीला चार महिने उरलेले. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"मॅडम, चूक माझी हाय. काल धूळ दिसली म्हणून नळाखाली धुतला."

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाले, "आमच्या रानातली काळी माती पाणी पिऊन अशीच फुगती, भेगा मिटत्यात. ह्यात माती हाय का?"

होती. फाइल उघडून पाहिली, चिकणमाती. मी झटकन विहिरीच्या दुरुस्तीचे कागद काढले. तिथेही विहीर साध्या गोड्या पाण्यानेच धुतली होती! गेनबांनी केलं तेच, फक्त मोठ्या पंपाने.

मग नऊ दिवस आम्ही दोघं त्या दगडाच्या मागे लागलो. पोटॅशचं खारं पाणी आणि अल्कोहोल यांचं मिश्रण त्यातून सोडलं, तेव्हा अडकलेलं पाणी निघालं, माती आकसली आणि गॅस पूर्वीच्या पाऊणपट वाहू लागला. दोन महिन्यांनी विहिरीवरून निरोप आला, तेच मिश्रण सोडल्यावर तिथेही गॅस वाहतोय. मला आनंदाने रडू आलं.

अहवालात मी 'गोड्या पाण्याची चाचणी : गेनबा काळभोर' असं लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि कागद परत केला.

"चाचणी नव्हती मॅडम. चूक लिवा."

मी चूक लिहिली. दगडात चिकणमाती आहे ही नोंद पहिल्या दिवसापासून माझ्याच फाइलीच्या दुसऱ्या पानावर होती आणि मी ती वाचलीच नव्हती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गेनबा समोर उभे होते. त्या चुकीखाली मी माझंही नाव लिहिलं.