वाह कोणी म्हणायचं?

ज्या घरात ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस होते तिथे चहाचे कप आणि किस्से सारखेच साचतात. कप विसळून होतात, किस्से तसेच राहतात. आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात दर रविवारी माझा नवरा अनिल गिटार वाजवायचा, करीमभाई गायचे, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या सईकडे बघत काळजी करायचे. दीड वर्षाची झाली तरी ती एक अक्षर बोलत नव्हती. प्रॅक्टिस एखाद्या रविवारी चुकायची, माझी काळजी कधी चुकली नाही.

*

परदेशी वस्तू नुकत्याच उघडपणे दुकानात मिळायला लागल्या होत्या, तेव्हा अनिलने डिजिटल प्रोसेसर आणला. गिटारची वायर त्यात खोचली की हवा तसा आवाज निघतो म्हणे. चपटा काळा डबा, त्यावर लाल आकडे आणि उजवीकडे पायाने दाबायचं पेडल. सासूबाईंनी तो सगळ्या बाजूंनी बघितला.

"पायडल तर आलं," त्या म्हणाल्या. "शिलाई मशीन कधी येणार?"

*

पेडल पुढेमागे केलं की गिटार "वाऽव, वाऽव" करायची. अनिल समजावत होता, "सूर तोच राहतो. फक्त कुणी तोंड उघडावं-मिटावं तसा आवाज येतो. या इफेक्टचं नाव वाह."

करीमभाईंनी कपाळाला हात लावला. "वाह तो पब्लिक बोलना ना, मियाँ. मशीन खुदकूच वाह बोल लेरी?"

सगळे हसले. मला मात्र भलतंच सुचलं. दुकानातून आलेला डबा आठवड्यात तोंड उघडायला शिकला, मग माझी मुलगी का नाही?

*

त्या पेडलचे दोन उपयोग होते: एक वाह, दुसरा आवाज कमीजास्त करणं. कुठला हवा ते आधी बटण दाबून ठरवायचं. मलकपेठच्या एका रिसेप्शनला अनिल नेमकं तेच विसरला. सोलो आला, त्याने डोळे मिटून पाय हलवला, आणि गिटार गायब. परत आली. परत गायब. डोळे मिटलेलेच.

नवरीच्या मामांना वाटलं, लाइट जातेय. "करंट पोयिंदी!" ओरडत त्यांनी झगमगत्या मांडवात जनरेटर सुरू करवला. त्याच्या धडधडीत होती नव्हती ती गिटारही बुडाली.

स्टेजवरून उतरताना करीमभाई म्हणाले, "वाह नै मियाँ, ये तो आह था."

*

मी सईच्या पाठीमागे उभी राहून डब्यांची झाकणं वाजवून बघायचे. सई वळायची नाही, सासूबाई वळायच्या. कधीतरी सईही वळायची, पण मग मला वाटायचं, माझी सावली दिसली असणार. बी.एस्सी.ला प्रयोग करायला शिकले होते, निष्कर्ष काढायचा धीर तेवढा होत नव्हता.

शेवटी काचीगुड्याच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेतली. करीमभाईंना मी म्हटलं, "आप गाते हैं, तब भी सोती रहती है."

"मेरे गाने में लोगां सोतेच हैं, भाभी. इसमें बच्ची की क्या गलती?"

कितीतरी दिवसांनी मी हसले. मग सईच्या मागे जाऊन परत एकदा झाकण वाजवलं. नाही वळली.

*

त्या सोमवारच्या आदला रविवार. सई आमच्याकडे पाठ करून भिंतीशी चमचे मांडत बसली होती. अनिलने पेडलवर पाय ठेवून एक तार छेडली.

"वाऽव."

"वाऽव," भिंतीकडून आलं.

अनिलने माझ्याकडे बघितलं, मी करीमभाईंकडे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. अनिलने पाय दोनदा भराभर हलवला.

"वाव वाव."

सई चमचे मांडतच होती. "वाव वाव."

"अरे, किती वेळ तेच ते वाजवतोस?" सासूबाई देवघरातून म्हणाल्या.

मी दारातून पुढे आले. अनिलचा पाय पेडलवर तसाच राहिला. आवाज थांबला तशी सई वळली. त्याच्या पायाकडे रागाने बघत, तोंड चांगलं मोठं उघडून म्हणाली, "वाऽव."

"बजा मियाँ," करीमभाई म्हणाले, "अब पब्लिक बोलरी."