दिव्याआधीची एसटी

त्या कंडक्टरचं नाव मला माहीत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही शिरूरहून पुण्याला मावशीकडे निघालो होतो. शुक्रवार होता, आणि नेमकी एसटी उशिरा आली. आम्ही ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आमच्याकडे शब्बाथचा दिवा लागतो, मग प्रवास बंद. आजी सारखी खिडकीतून सूर्याकडे बघत होती.

"आजी, वर काय हरवलंय का?" कंडक्टरनं विचारलं.

आजीनं सगळं सांगितलं. ज्यू म्हणजे कोण, हे त्यानं विचारलंच नाही. तिकिटाचं मशीन पोटावर सरकवून तो ओरडला, "आज शिक्रापूरला चहा न्हाई! आजीला दिवा लावायचाय!"

"कसला दिवा?" ड्रायव्हर कुरकुरला.

"दिवेलागणीला कसला म्हून इचारतोस व्हय? हाण गाडी!"

उतरताना आजीनं त्याची पुढची ड्युटी तेवढी विचारून घेतली.

परतीला आम्ही मुद्दाम त्याचीच गाडी धरली. तो लांबूनच ओरडला, "आजी, लागला का दिवा टायमात?"

"लागला की!" म्हणत आजीनं पिशवीतून मोठा थर्मास काढला. "आता तुमचा दोघांचा राहिलेला चहा."

गाडी उशिरा सुटली. त्या दिवशी आजीला कसलीच घाई नव्हती.