कोठीतली मिरचीची रोपं

मी स्वभावानं तिखट आहे, हे आधीच सांगते. गरीब गाय समजून कुणी ही हकीकत वाचू नये.

लढाईमुळे त्या वर्षी रॉकेल मिळेनासं झालं होतं आणि घरात रिकामे डबे पडून होते. मामंजींनी ते आडवे कापले, त्यात चाळलेलं शेणखत घातलं आणि मिरचीचं बी टाकलं. कारंजाच्या बाजारात मिरची विकून आमचं वर्षाचं कापडचोपड व्हायचं. अंगणात कोंबड्या उकरतात म्हणून डबे घरात ठेवायचे, हे ठीकच होतं. पण आमच्या सासूचा आणखी एक दंडक होता. घरात दोन सुना, म्हणजे महिन्यातून दोनदा विटाळ. विटाळशीची सावली रोपावर पडता कामा नये. म्हणून डबे थेट धान्याच्या कोठीत गेले. कोठीला हातभर झरोका, तोही छताजवळ.

बी उगवलं आणि तिथंच अडलं. पंधरा दिवस झाले तरी तिसरं पान फुटेना. रोपं दोऱ्यासारखी बारीक, पिवळी, सगळ्यांच्या माना झरोक्याकडे. सासूनं पाणी वाढवलं, तर दोन डबे बुडापासून सडले. मग राख टाकली, कडुलिंबाची धुरी दिली, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या.

"वाढून काहून नाई राह्यले?" असं म्हणत तिनं धाकट्या जावेकडे पाहिलं. "तू गेलती का कोठीत?"

"नाई आत्याबाई. देवाशपथ नाई."

जाऊ पंधरा वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती आली त्याच साली बैल मेला होता, त्यामुळे पांढऱ्या पायाची हे आधीच ठरलेलं. मामंजींनी सांगून टाकलं, "मृगापावतर रोप उभं नाई राह्यलं, त इले बापाकडे पाठवतो. पोरासाठी दुसरी पाहू." माझा दीर तिथंच बसून कासरा वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

रोपांना काय झालंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझा बाप माळवं पिकवायचा. कोंब वर आला की डबा उजेडात सरकवायचा, हे मला परकर नेसायच्या आधीपासून ठाऊक. पण मी बोलले नाही. जाऊ येईपर्यंत चार वर्षं घरातलं दूध नासलं तरी माझ्याच नावानं शंख व्हायचा. आता सासू मला जवळ बसवून भाजी निवडायची आणि तिच्या कागाळ्या सांगायची. ते मला गोड लागत होतं. खोटं कशाला बोलू?

एक डबा मात्र मी गुपचूप उचलला आणि न्हाणीमागे ठेवला. तिथं सकाळपासून ऊन असायचं. कोंबड्यांसाठी वर बोरीच्या काट्या टाकल्या. दहा-बारा दिवसांत रोपं हिरवीगार झाली, दांडे जाड झाले. तो डबा मी सासूपुढे नेऊन ठेवला.

"काय केलं वं तू?"

उजेड, एवढा एकच शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, "काई नाई. फकत तिची सावली पडू देली नाई."

सासूनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुह्या हाताले गुन हाये, बाई." दुसऱ्या दिवशी, मृगाची वाटही न पाहता, जावेला बापाकडे सोडायला दिरानं छकडा जुंपला.

मी तो डबा परत न्हाणीमागे ठेवत होते, तेव्हा जाऊ माझ्या पाया पडायला आली. डोळे सुजलेले होते. वाकली आणि तिथंच हळू आवाजात बोलू लागली.

"बाई, ह्या डब्याले दुपारचं पानी मीच घालत होती. तुमी वावरात राहा, अन् रोप उन्हानं माना टाके. बाजूले बसली होती ना, त्या चार दिवसांत सुदा पानी घातलं. हातानं माती सारखी केली. तरी ते वाढलंच ना? मंग माह्या सावलीनं कसं मरन?"

मी डब्यावरची बोरीची काटी सरळ केली.

"मी सांगतलं त विटाळात हात लावला म्हनून मारतीन. तुमी सांगसान त आत्याबाई आयकतीन. सांगसान ना?"

"सांगतो," मी म्हणाले.

ती हसली. माझ्यावर विश्वास ठेवून हसली, आणि बोचकं घेऊन छकड्यात जाऊन बसली. चाकं वाजली तेव्हा सासू दारातच उभी होती. छकडा वेशीपर्यंतही गेला नव्हता. नुसती हाक मारली असती तर दिरानं बैल थांबवले असते.

"काय म्हनत होती?" सासूनं विचारलं.

"काई नाई. पाया पडत होती," मी म्हणाले, आणि जावेनं जगवलेली रोपं मोजायला बसले.