मागच्या सीटवरचं वय

मुलगी चांगल्या मार्कांनी दहावी पास झाली आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं. तिला सायन्सला जायचं होतं. सायन्स जानेफळला, आणि आमचं खेडं तिथून चांगलंच आत. कॉलेज सकाळी लवकर भरतं. आमच्या गावाला पहिली एसटी येते दहाला, तीही आली तर. नवरा पहाटेच दुधाची गाडी घेऊन चिखलीकडे जातो. त्याचं म्हणणं सरळ होतं, "गावातल्या शाळेत आर्ट्स हाये ना? तिथं टाक तिचं नाव." मी म्हटलं, त्यापेक्षा विहिरीत टाक म्हणा ना. जरा जास्तच बोलले, पण राग आला की मला तोलूनमापून बोलता येत नाही.

शेवटी बॅटरीची गाडी घ्यायचं ठरलं. तसल्या गाडीला लायसन लागत नाही, नंबर लागत नाही, सायकलीहून जराशी जोरात पळते. मेहकरच्या दुकानात मुलीनं एका लाल गाडीवर बसूनही पाहिलं. दुकानदारानं विचारलं, "किती वर्षांची हायेस बाई?" ही खरं बोलणारी. म्हणाली, "पंधरा. माघात सोळा पूर्ण होतीन." त्यानं तिच्या हातातली चावी अलगद काढून घेतली. सोळाच्या खाली गाडी देत नाही म्हणाला. लायसनच लागत नाही तर वय कशाला, म्हणून मी हुज्जत घातली. त्यालाही नीट सांगता येईना. "ताई, तुमच्या नावानं घेऊन जा, अन् चालवा बी तुम्हीच," असं म्हणून त्यानं सुटका करून घेतली.

गाडी माझ्या नावानं घरी आली, म्हणजे ती मीच शिकायची. शिकवणारी मुलगीच, कारण तिचा हात मामाच्या स्कूटरवर आधीच बसलेला. माझा हात मात्र मी घाबरले की हँडलवरून सुटत नाही, उलट रेस आणखी पिळतो. शाळेच्या मैदानावरून गाडी मला घेऊन थेट कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगात शिरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिरली, या वेळी सगळ्या गावासमोर. मनगट सुजलं. त्यानंतर मी हँडल धरायचंच सोडलं.

तोडगा मुलीनंच काढला. "आई, मी चालवतो, तू मांगं बसजो. मोठं माणूस संगं असलं की कोणी काही म्हणत नाही."

मलाही ते पटलं. रोज सकाळी मी डबा मांडीवर घेऊन तिच्या मागे बसायची आणि कॉलेज सुटेपर्यंत तिथल्या एका शिंप्याच्या ओट्यावर बसून राहायची. घरचं काम तसंच पडलेलं. शिंपी चिडवायचा, "तुम्ही बी अकरावीत हाये काय?" मी मान हलवून म्हणायची, हाव, पास झाले तर पेढे देईन. येता-जाता मुलगी मला फिजिक्स समजावून सांगायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते दिवस फार बरे होते.

मग एका सकाळी फाट्यावर पोलिसानं हात केला. वय विचारलं. ही पुन्हा खरं बोलली. मी पुढे झाले, "साहेब, गाडी माह्या नावानं हाये. अन् मी बसेल हाये ना मांगं!" त्यालाही नियम पक्का ठाऊक नसावा, कारण त्यानं कोणाला तरी फोन लावून विचारून घेतलं. मग म्हणाला, "चालवणाऱ्याचं वय पाहतात बाई, मांगं बसणाऱ्याचं नाही. आता तुम्ही चालवा."

"मले येत नाही."

"मंग ढकलत न्या."

मुलीची त्या दिवशी चाचणी होती. मी म्हटलं, "तू जाय पायी, मी नेतो गाडी घरी." दोन पावलं टाकली आणि गाडी माझ्याच अंगावर कलली. तिनं दप्तर माझ्या गळ्यात अडकवलं आणि हँडल स्वतःकडे घेतलं. आम्ही घराकडे वळलो. ती पुढून ओढत होती, मी मागून लोटत होते. चढावर समोरून तिच्याच वर्गातली पोरं आली, एका मोटारसायकलवर तिघं. हॉर्न वाजवून कॉलेजकडे निघून गेली.

"आई, ह्या पोरायचं वय माह्याहून जास्त हाये काय?"

मला रडू आलं, आणि रडत रडत गाडी ढकलावीच लागली.

नवरा नुकताच परतला होता, अंगणातच उभा होता. त्यानं आम्हाला पाहिलं. चिडला असता तर मी भांडले असते. तो नुसतं म्हणाला, "माघ लय दूर हाये."

मी तोंड उघडणार, त्याआधी मुलगीच बोलली, "बाबा, गावातल्या शाळेत आर्ट्सले नाव टाकून द्या." आणि आत निघून गेली.

मी गाडी धरून उभी. ती स्टँडवर लावायलाही मला येत नव्हतं.