पूर्वेच्या कोडांपुढचा नऊ

दोन तुकडे झालेला एक देश आता एक व्हायच्या बेतात आहे. दोन्हीकडचे पिनकोड आणि फोनचे कोड एकत्र करायचं काम अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नच्या ऑफिसकडे आलं. बरेच कोड दोन्हीकडे तेच होते. मी सोपा मार्ग सुचवला: पूर्वेकडच्या कोडांपुढे नऊ लावायचा. "टेम्पररी आहे," असंही म्हणालो.

टीममधली एकजण त्या पूर्वेकडचीच. ती हसली. "वा! म्हणजे नोकरीला अर्ज टाकला की पत्त्यावरूनच कळणार, ही तिकडची."

मला हे आधीच माहीत होतं. इथे नोकरी शोधताना मी स्वतः बायोडेटावरचा भारतातला नंबर काढून मित्राचा इथला टाकला होता, कारण कोड बघून कुणी फोनच करत नसे. तरी नऊ लावला, कारण डेडलाइन जवळ होती. मग रात्री घरी जेवणात लक्ष लागेना. बायको म्हणाली, "अरे, बोल तरी काय ते!"

शेवटी कॉलवर क्लायंटनेच विचारलं, "हा नऊ कधी निघणार?"

"लवकरच," मॅनेजर म्हणाला.

मी माइक चालू केला. "निघणार नाही. टेम्पररी म्हणून केलेलं काही मी आजवर परत काढलेलं नाही. दोन्ही बाजूंना नवे कोड द्यायला हवेत."

कॉल संपल्यावर मॅनेजर माझ्याकडे बघेना. टीममधल्या तिचा मात्र मेसेज आला, आम्हा भारतीयांकडूनच उचललेल्या 'यार'सकट: "तुझे शनिवार-रविवार गेले, यार!"

"तुझेही," मी लिहिलं. "पश्चिमेपासून सुरुवात करू."