डावखुऱ्या शिंप्याचं पान

कर्मचाऱ्याचे वर्णन पुढीलप्रमाणे. हुद्दा : मुद्रितशोधक (पद गेल्या महिन्यापासून रद्द). वय : त्रेपन्न. सेवा : सव्वीस वर्षे. उंची : सरासरी. चष्मे : दोन, पैकी एक कायम हरवलेला. ओळखीची खूण : छापील कागद दिसताच उजव्या हाताची बोटे लाल पेन शोधू लागतात. छायाचित्रणाचा अनुभव : निरंक. पान-मांडणीचा अनुभव : निरंक. आसनव्यवस्था : दुसरा मजला, खिडकीजवळ (तात्पुरती).

या वर्णनात खोटं काही नव्हतं. फक्त त्यातलं ‘तात्पुरती’ सव्वीस वर्षं जुनं होतं.

वर्तमानपत्राच्या त्या कचेरीत सगळे तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे वेलांटी. बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती. दुसऱ्यात निदान शुद्धलेखनाची चूक नव्हती, म्हणून त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

चुका शोधायचं काम आता संगणक करणार, असं व्यवस्थापनाने ठरवलं तेव्हा विभागात तिघं होती. एकाने निवृत्ती घेतली, दुसरा लेकीकडे राहायला गेला, उरल्या बाई. त्यांच्यासाठी परिपत्रक निघालं. पंचेचाळीस दिवसांत छायापत्रकारिता आणि पान-मांडणीची मूलतत्त्वे आत्मसात करावीत. अखेरीस रविवारच्या पुरवणीचे एक पान, फोटो, मजकूर आणि मांडणीसह, स्वतंत्रपणे सिद्ध करावे. पान मंजूर झाल्यास संपादकीय विभागात कायम. मंजुरीनंतर चूक निघाल्यास छोट्या जाहिरातींच्या विभागात बदली.

छोट्या जाहिराती तळघरात होत्या. तिथे खिडकी नव्हती. एक ट्यूबलाइट होती, आणि कधी पेटायचं याबाबत तिला स्वतःची मतं होती. बाईंनी परिपत्रक वाचलं, त्यातल्या तीन चुका लाल केल्या आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. बाहेर बघण्यासारखं फार नव्हतं. चौक, औषधाचं दुकान, समोरच्या गच्चीवर वाळणारे कपडे. पण उजेड तिथूनच येई, आणि त्या उजेडात त्यांनी आयुष्यभर वाचलं होतं.

फोटो शिकवायला फोटोकाका होते. तीस वर्षं त्याच वर्तमानपत्रासाठी फोटो काढून आता निवृत्तीला टेकलेले. त्यांनी कॅमेरा बाईंच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “जा, गाव बघून या.”

पहिल्या आठवड्यात बाईंनी तीनशे बारा फोटो काढले. त्यांतले दोनशे ऐंशी पाट्यांचे होते.

“बाई, यात माणसं कुठायत?”

“ही पाटी बघा तरी. ‘येथे थूंकू नये.’ थू दीर्घ काढलाय!”

“ते राहू द्या. थुंकणारा कुठाय? बातमी तो आहे.”

मग बाई माणसांकडे वळल्या. त्यांची माणसं चौकटीच्या बरोबर मधोमध, हात सरळ, नजर समोर, अशी उभी असत. जणू प्रत्येकाला पासपोर्ट काढायचा होता. फोटोकाकांनी त्यांना माणसाला एका अंगाला सरकवायला शिकवलं, उजेड कुठून पडतोय ते बघायला शिकवलं. “आणि घाई नको. आधी नुसतं बसायचं. माणूस तुम्हाला विसरला की बटण दाबायचं.”

“विसरायला किती वेळ लागतो?”

“कारागिराला दहा मिनिटं. पुढारी विसरतच नाही, त्याच्यासाठी बसू नका.”

घरी सरावाला नवरा होता. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो बहुतेक वेळ एका जागी असे, ही मोठीच सोय होती.

“मला घोट्यात कापलंस की,” तो फोटो बघून म्हणाला.

“हो, चुकलंच. सांध्यावर कापायचं नसतं असा नियम आहे.”

“मग कुठे कापायचं असतं?”

“मांडीत. नाहीतर छातीशी.”

“मी जरा आत जाऊन पडतो,” नवरा म्हणाला.

मांडणी शिकवणारी मुलगी बाईंच्या निम्म्या वयाची होती आणि त्यांना काकू म्हणे. बाई तिला मास्तरीण म्हणत. बाईंनी पहिलं पान रचलं त्यात अक्षरांचे सात प्रकार होते, चार रंग होते आणि प्रत्येक मजकुराला स्वतःची चौकट होती. मास्तरणीने ते पान बराच वेळ पाहिलं.

“काकू, लग्न कोणाचंय?”

“का गं?”

“पत्रिका छान झालीय म्हणून विचारलं. दोन अक्षरप्रकार. बास. एक मथळ्याला, एक मजकुराला.”

दुसऱ्या पानावर बाईंनी दोनच ठेवले, पण मथळ्याच्या बाजूची मोकळी जागा त्यांना सोसवेना. तिथे त्यांनी एक सुविचार टाकला.

“हा कशाला?”

“जागा उरली होती.”

“उरली नव्हती काकू, ठेवली होती. डोळा टेकायला.”

बाईंना हे नवीन होतं. त्यांच्या डोळ्यांना सव्वीस वर्षांत टेकायला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी दिवाणखान्यातल्या दोन फोटोफ्रेम आणि एक फुलदाणी काढून ठेवली. भिंत बरी दिसू लागली. हे सगळं आपल्याला आवडतंय, ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. शिकाऊ माणसाने खूश दिसू नये असं त्यांना वाटे.

मास्तरणीचा आणखी एक नियम होता. फोटोतला माणूस पानाच्या आत बघणारा हवा. तो बाहेर बघत असला की वाचकाची नजरही त्याच्या मागोमाग पानाबाहेर पडते.

“आणि बाहेरच बघत असला तर?”

“फॅशनच्या पानावर आम्ही सरळ उलटा करतो. डावीकडचं उजवीकडे, आरशात दिसतं तसं. एक बटण आहे. फक्त फोटोत अक्षरं नाहीत ना, तेवढं बघायचं. पाटी वगैरे उलटी छापली की फजिती.”

अक्षरं बघायला बाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती.

परीक्षेच्या पानासाठी त्यांनी कचेरीमागच्या गल्लीतला डावखुरा शिंपी निवडला. साधी कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. डाव्या हातात धरली की ती कापड कापत नाही, चावते. शिंप्याला लहानपणी ज्याच्याकडे काम शिकायला ठेवलं होतं, त्याने दोन वर्षं त्याचा डावा हात खिशात ठेवायला लावला होता. त्या दोन वर्षांत शिवलेल्या सदऱ्यांबद्दल शिंपी फार बोलत नसे. पुढे त्याने लोहाराकडून डाव्या हाताची कात्री घडवून घेतली. पहिल्या तीन फुकट गेल्या, चौथी हाती बसली. तिला तीस वर्षं झाली.

बाई त्याच्या दुकानात स्टुलावर बसल्या. दहा मिनिटं तो केस सारखे करत होता. अकराव्या मिनिटाला तो त्यांना विसरला. दारातून उजेड आडवा येत होता. शिंपी कापडावर वाकला, जिभेचं टोक दातांत आलं, कात्री निघाली, आणि बाईंनी बटण दाबलं.

फोटोकाकांनी तो फोटो पाहून “हं” केलं. तीस वर्षांत त्यांनी इतकी स्तुती कोणाचीच केली नव्हती.

पान रचताना एक अडचण आली. उजवीकडे तळाला गाद्यांची जाहिरात होती, आणि वर्तमानपत्रात बाकी काहीही हलतं, जाहिरात हलत नाही. म्हणून बाईंनी मोठा फोटो डावीकडे घेतला. तर शिंप्याचं तोंडही डावीकडे. तो पानातून सरळ बाहेर बघत होता. बाईंनी फोटो मोठा करून कोपरान् कोपरा तपासला. कॅलेंडर नाही, पाटी नाही, टेपसुद्धा गुंडाळलेली. वाचण्याजोगं काहीच नाही. त्यांनी बटण दाबलं. शिंपी वळून पानाच्या आत बघू लागला. मग त्यांनी मजकूर सात वेळा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

गुरुवारी दुपारी संपादकांनी पान पाहिलं, मान हलवली आणि सही केली. मास्तरणीने टाळ्या वाजवल्या. घरी नवऱ्याने पान वाचलं, तो “छान” म्हणाला आणि गाद्यांची किंमत बरी आहे असंही म्हणाला.

शुक्रवारी चार वाजता पान छपाईला जायचं होतं. सकाळी कचेरीला जाता जाता बाई शिंप्याच्या दुकानात शिरल्या आणि पानाची छापील प्रत टेबलावर पसरली. मथळा होता ‘डाव्या हाताचं माप’.

शिंप्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“हा कोण, बाई?”

“कोण म्हणजे? तुम्हीच.”

“तोंड माझंच आहे. पण हा तर उजव्या हाताने कापतोय.” त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. “आणि हात चांगला आहे हो याचा. द्या पाठवून, मला माणूस हवाच आहे.”

बाई स्टुलावर बसल्या. शिंप्याने त्यांना पाणी दिलं.

दुकानापासून कचेरी चार मिनिटांवर होती. पहिल्या मिनिटाला बाईंना वाटलं, कोणाच्याच लक्षात आलं नाही. संपादकांच्या नाही, मास्तरणीच्या नाही, नवऱ्याच्याही नाही. दुसऱ्या मिनिटाला तळघरातली ट्यूबलाइट आठवली. तिसऱ्या मिनिटाला तो वाचक आठवला, ज्याच्या धाकाने त्यांनी सव्वीस वर्षं लाल पेन चालवलं होतं. तो कधी दिसला नव्हता, पण रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून तो नक्की म्हणणार होता, अगं, हे बघ. चौथ्या मिनिटाला त्या जिना चढत होत्या.

संपादकांसमोर त्यांनी पान ठेवलं आणि शिंप्याच्या हाताभोवती लाल गोल काढला.

संपादक गोलाकडे बघत राहिले. “हे मी काल पाहिलं?”

“हो. सही आहे तुमची.”

“मंजूर झालेलं पान परत आणणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही.”

“परिपत्रकाप्रमाणे मी नापास,” बाई म्हणाल्या. “पण चूक छापायला नको. कोणाकडून तरी फोटो सरळ करून घ्या.”

“कोणाकडून तरी म्हणजे?” संपादकांनी बाईंच्याच हातातलं लाल पेन घेतलं आणि स्वतःची सही खोडली. “आता मंजुरीच नाही. मग मंजुरीनंतरची चूक कुठली? चार वाजायला साडेचार तास आहेत. मास्तरीण हात लावणार नाही. आणि मला दिसलं नाही, हे कुठे लिहून ठेवायची गरज नाही ना?”

“बातमीतला फोटो कधी उलटवायचा नसतो,” बाहेर फोटोकाका म्हणाले. “हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला वाटलं, असं कोण करेल!”

मास्तरीण खुर्चीवर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली. फोटो सरळ केला की तो उजवीकडे जायला हवा, आणि उजवीकडे गाद्या. बाईंनी फोटो उजवीकडे वर नेला आणि उभा कापला. मनगटावर नाही, कोपरावर नाही, कमरेच्या वर. कात्री पुरती राहिली. मजकूर डावीकडे दोन स्तंभांचा तीन झाला. मथळा लहान झाला. तरी चाळीस शब्द जास्त होत होते. बाईंनी आजवर दुसऱ्यांचं पुष्कळ कापलं होतं, स्वतःचं पहिल्यांदाच. आधी विशेषणं गेली, मग लोहाराच्या आजोबांचा परिच्छेद. शेवटी मथळ्याच्या बाजूला दोन बोटं जागा उरली.

“काकू,” मास्तरीण कळवळून म्हणाली, “तिथे सुविचार नको हं.”

“उरली नाही गं ती,” बाई म्हणाल्या. “ठेवलीय.”

चारला दहा मिनिटं असताना संपादकांनी पुन्हा सही केली. या वेळी पान आडवं, उभं आणि आरशात धरावं तसं सगळीकडून बघून.

रविवारी वाचकाचं पत्र, फोन, काही आलं नाही. बाईंच्या धंद्यात यालाच यश म्हणतात. खोडलेल्या सहीची जुनी प्रत शिंप्याने मागून घेतली आणि कपडे घालून बघायच्या आरशासमोरच्या भिंतीवर चिकटवली. आरशात तो तिथे बरोबर डाव्या हाताने कापतो.

महिन्याभराने पत्र आलं. सदर कर्मचारी यांनी प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण केले असून त्यांना संपादकीय विभागात सामावून घेण्यात येत आहे. आसनव्यवस्थेबाबतचा निर्णय सक्षम अधिकाऱ्यांमार्फत यथावकाश कळवण्यात येईल.

हे पत्र बाईंनी खिडकीजवळ, आपल्या जागेवर बसून वाचलं.