लहानच ॲम्प्लिफायर हवा होता

सकाळच्या पॅसेंजरनं मी आणि आई पूर्णेहून परभणीला निघालो, गिटारसाठी ॲम्प्लिफायर आणायला. नामांतराच्या चळवळीचे दिवस होते ते. मी चुडाव्याच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि आई रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधून रिटायर झाली होती...

पूर्णेत गिटार कुठून आली? आमच्या रेल्वे कॉलनीत फर्नांडिस अंकल म्हणून एक गोव्याचे गार्ड राहायचे. ड्यूटीवरून आले की ओसरीत बसून जॅझ वाजवायचे. मी कुंपणापाशी उभी राहून ऐकायची. एक दिवस त्यांनी आत बोलावलं आणि शिकवायलाच घेतलं.

हे संगीत अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडांनी घडवलं, हे त्यांनीच मला सांगितलं. कुणाला न विचारता, स्वतःला हवं तसं घडवलं. मी तेव्हा शाळेत होते, ऐकून अंगावर काटा आला होता. गोव्याला परत जाताना अंकल आपली गिटार मला देऊन गेले.

पण तिचा आवाज चार माणसांपुरता. आणि मला त्या वर्षी वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात वाजवायचं होतं. म्हणून ही खरेदी.

परभणीच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "कार्यक्रम कसला?" मी म्हटलं, "आंबेडकर जयंती." तो गालातल्या गालात हसला. "मग तुमाला मोठाच लागंल," म्हणत त्यानं ॲम्प्लिफायरची कपाटाएवढी एक पेटी पुढं ओढली.

मी गिटार जोडून एक कॉर्ड, म्हणजे चार-पाच सूर एकदम, वाजवली. सगळे सूर एकमेकांत कालवल्यासारखे झाले, वर पुन्हा एकोचा घुमणारा प्रतिध्वनी... जॅझच्या कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू यावा लागतो. आवाज गोल हवा, मऊ हवा, खणखणाट नको. दुसरी पेटीही तशीच निघाली. तिसरी तर पत्रा वाजवल्यासारखी.

कोपऱ्यात ट्रंकेएवढी एक तपकिरी पेटी दिसली. कुण्या भजनी मंडळानं आवाज पुरत नाही म्हणून परत केलेली. मी ती जोडली, एको बंद केला, आवाजाची धार वाढवणारा ट्रेबल उतरवला आणि तीच कॉर्ड वाजवली. एकेक सूर वेगळा, तरी सगळे एकत्र... मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

"ती नका घेऊ," दुकानदार म्हणाला. "तुमच्या लोकांना पुरायची न्हाई. असं करा, घरातल्या गडीमाणसाला घेऊन या. मशिनीतलं बायांना काय कळतंय?"

मी तोंड उघडायच्या आत दाराशी बसलेली आई उठली. "वाजवणार ही हाय का गडीमाणूस? बांधा ती पेटी."

खरी अडचण पुढंच होती. पूर्णेत जयंती कमिटीच्या सोनकांबळे काकांनी पेटी बोटानं ठोकून बघितली. नामांतराच्या दंगलीत त्यांच्या भावाचं घर जळालं होतं. तेव्हापासून ते दर जयंतीला लाउडस्पीकरचे कर्णे वाढवायचे, कमी कधीच करायचे नाहीत.

"आपला आवाज वेशीबाहेर गेला पाहिजे, पोरी," ते म्हणाले. "आन् तू हे मिणमिणतं काय आणलंस? ते बी इंग्रजी वाजवायला?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण माझंही चुकत नव्हतं. मी म्हटलं, "मोठ्या आवाजाला तुमी सगळे हायेत की, काका. माझा लहान राहू द्या."

जयंतीच्या संध्याकाळी भीमगीतं झाली, भाषणं झाली, मग माझी पाळी आली. पहिल्या दोन ओळी वाजवल्या असतील... मागून ओरडा सुरू झाला. "आवाज! आवाज वाढव!"

साऊंडवाला धावत आला आणि त्यानं माइक माझ्या पेटीसमोर लावला. सगळ्या मैदानात गडगडाट. मी उठले आणि माइक बाजूला नेऊन ठेवला. पेटीचं बटण मी होतं तिथंच ठेवलं. काही लोक उठून चहाला गेले. दुसऱ्या कुणी नाही, आपल्याच माणसांनी पाठ फिरवली... ते फार लागलं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आई उठली. बसायची सतरंजी ओढत ती थेट माझ्यासमोर आली आणि मागं वळून म्हणाली, "ऐकू येत न्हाई तर जवळ या की! ती कामून वरडंल?"

आधी तिच्या दोन मैत्रिणी आल्या. मग बाया, म्हातारे, कडेवरची लेकरं... पेटीभोवती दाटीवाटीनं बसले. मी त्यांना अंकलनी सांगितलेली गुलामांच्या नातवंडांची गोष्ट चार वाक्यांत सांगितली आणि वाजवायला लागले. सगळं त्यांना कळलं असं मी म्हणणार नाही. पण शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी हललं नाही.

काका मात्र लांब, हाताची घडी घालून उभे होते. नंतर येऊन म्हणाले, "मला काही पटलं न्हाई बघ." मी म्हटलं, "मला वाजवायचं होतं काका, पटवायचं नव्हतं."

पुढच्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं. तरी मी पेटी उचलून गेले आणि वाजवलं. त्याच्या पुढच्या वर्षी नाव छापून आलं... कुणी घातलं, मी विचारलं नाही.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझा आवाज कुणाला तरी पुरत नाही, असं आयुष्यात पुष्कळदा ऐकलं. मी तो वाढवला नाही. आजही कुणी "जरा मोठ्यानं" म्हटलं, तर मी समोरची खुर्ची दाखवते.